टोकियोच्या छायाचित्रात नेताजींच्या शेजारी उभे असलेले लॉरेल : जपानी अमलातील फिलिपिन्सविषयी काही प्रश्न

औदुंबर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियोत भरलेल्या बृहत्तर पूर्व आशिया परिषदेचे एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मध्यभागी जपानचे पंतप्रधान तोजो उभे आहेत आणि रांगेच्या अगदी टोकाला सुभाषबाबू आहेत. आमच्या आजोबांनी त्याचे कात्रण चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोठ्या अभिमानाने दाखवीत असत. मात्र नेताजींना लागून उभे असलेले गृहस्थ कोण, हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. अलीकडे शोध घेतल्यावर कळले की ते होसे लॉरेल, म्हणजे जपानने ज्याचे स्वातंत्र्य नुकतेच जाहीर केले होते त्या फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष.

यानंतर जे वाचले त्याने मी गोंधळून गेलो आहे. फिलिपिन्सवर आधी स्पेनचे आणि मग अमेरिकेचे राज्य होते. गोऱ्या सत्तेचा जाच त्यांनीही सोसलेला होता. असे असताना 'आशिया आशियावासीयांचा' म्हणत आलेल्या जपानचे तेथे स्वागत का झाले नाही? उलट इतक्या मोठ्या प्रमाणावर गनिमी लढा का उभा राहिला आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये लेते बेटावर उतरलेल्या अमेरिकन सैन्याला लोकांनी मुक्तिदाते का मानले? तसेच लॉरेल यांना तेथील लोक आज देशभक्त समजतात की देशद्रोही? अभ्यासू सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शुक्रतारा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका तारखेत आहे. अमेरिकन काँग्रेसने १९३४ मध्ये टायडिंग्ज-मॅकडफी कायदा संमत केला आणि दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर फिलिपिन्सला पूर्ण स्वातंत्र्य देण्याचे कायद्यानेच ठरवून टाकले. त्यानुसार नोव्हेंबर १९३५ मध्ये मानुएल केझोन यांच्या अध्यक्षतेखाली स्वायत्त शासन सुरू झाले आणि ४ जुलै १९४६ हा स्वातंत्र्याचा दिवस निश्चित झाला. आपल्याकडे १९४२ साली क्रिप्स साहेबांच्या हाती आलेले आश्वासन आणि ही ठरलेली तारीख यांत किती अंतर आहे, हे लक्षात घेतले की चित्र बरेच स्पष्ट होते. जपान जे देऊ करत होता ते फिलिपिनो माणसाला चार वर्षांत मिळणारच होते, आणि ते मिळण्यापूर्वीच त्याच्या दारात परके सैन्य येऊन उभे राहिले.

याचा अर्थ अमेरिकेचा अंमल सौम्य होता असा मात्र कोणी काढू नये. १८९९ पासूनच्या युद्धात अमेरिकन फौजांनी त्या देशात जे केले त्याच्या आठवणी सांगणारी माणसे १९४२ मध्ये हयात होती. त्या युद्धातील सेनानी आर्तेमिओ रिकार्ते यांनी अमेरिकेशी एकनिष्ठतेची शपथ घेण्याचे अखेरपर्यंत नाकारले आणि अनेक वर्षे योकोहामात विजनवासात काढली. आपल्या रासबिहारी बोसांची आठवण व्हावी असेच हे आयुष्य आहे. ते जपानी सैन्याबरोबर मायदेशी परतले. पहिल्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष एमिलिओ आगिनाल्दो यांनीही मनिलाजवळच्या बातान द्वीपकल्पात जपान्यांशी लढणाऱ्या सैनिकांना शरण येण्याचे आवाहन नभोवाणीवरून केले होते. जपानकडे आशेने पाहणारी माणसे तेथेही होती, परंतु जनता त्यांच्या मागे गेली नाही.

ती का गेली नाही याचे दुसरे कारण बातान हेच आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी तेथे शरण आलेल्या सुमारे ७५,००० सैनिकांपैकी बहुसंख्य, म्हणजे साठ हजारांहून अधिक, फिलिपिनो होते. इंग्रजी चित्रपट पाहून आपल्याला वाटते की या कैद्यांना पायी चालवत नेलेला तो मृत्यूचा मोर्चा अमेरिकनांचा होता. मारिवेलेसपासून सान फर्नांडोपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर भर उन्हात, अन्नपाण्यावाचून चाललेल्या त्या रांगेत गावागावांतील शेतकऱ्यांची मुले होती. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाया त्यांच्या हातात भाताचे मुटके आणि पाणी कोंबण्याचा प्रयत्न करीत आणि त्यासाठी मार खात. पुढे ओडॉनेल छावणीत आजार आणि उपासमारीने वीस हजारांहून अधिक फिलिपिनो सैनिक मरण पावले. घरोघरी असे सुतक असताना 'थोरल्या आशियाई भावा'ची भाषा कोणाच्या गळी उतरणार होती?

टांकसाळ

शुक्रतारा यांनी मांडलेल्या राजकीय कारणांशी मी सहमत आहे. मात्र सामान्य माणसाचा जपानवरील विश्वास कसा उडाला हे समजून घ्यायचे असेल तर त्या काळातील नोटा हाती घेऊन पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. मी जुन्या चलनाचा संग्रह करतो आणि जपानने जिंकलेल्या प्रदेशांसाठी छापलेल्या नोटांचा माझ्याकडे लहानसा संच आहे.

त्यातील १९४२ ची दहा पेसोची नोट या क्षणी माझ्यासमोर आहे. चित्र मळ्याचे आहे. वर इंग्रजीत 'द जॅपनीज गव्हर्नमेंट' असे छापलेले आहे. बँकेचे नाव नाही, गव्हर्नरची सही नाही आणि आपल्या नोटेवर असतो तसा क्रमांकही नाही. फक्त दोन रोमन अक्षरे आहेत आणि त्यांतील पहिले 'पी' हे फिलिपिन्सचे. ब्रह्मदेशासाठी छापलेल्या अशाच नोटांवर 'बी' हे अक्षर असते आणि त्या रुपयांत आहेत, हे येथील वाचकांना विशेष वाटेल. किती नोटा छापल्या याचा हिशेब जिच्या अंगावर दिसत नाही ती नोट हाती पडताच व्यापारी माणसाला जे कळायचे ते कळते. पुढच्या वर्षीच्या नोटांवर होसे रिझाल या राष्ट्रपुरुषाच्या स्मारकाचे चित्र आले, पण त्यामुळे किंमत काही वाढली नाही.

युद्धापूर्वी दोन पेसोंना एक अमेरिकन डॉलर मिळत असे. जपानी सैन्य या नव्या नोटा देऊन तांदूळ, गुरे, लाकूड, यंत्रे, जे हवे ते उचलू लागले. शेतकऱ्याच्या हाती कागद राहिला आणि धान्य गेले. लोकांनी या चलनाला 'मिकी माऊस मनी' असे नाव दिले. छापखाना थांबत नव्हता. १९४४ मध्ये पाचशे पेसोची आणि १९४५ मध्ये हजार पेसोची नोट निघाली. शेवटी शेवटी अशी वेळ आली की बाजारात जाताना पैसे 'बायोंग'मध्ये, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांच्या विणलेल्या मोठ्या पिशवीत, भरून न्यावे लागत आणि येताना तांदूळ खिशात मावत असे. तेथील जुनी माणसे हे आजही अगदी याच शब्दांत सांगतात.

यावरचे उत्तर लोकांनी स्वतःच शोधले. नेग्रोस, पनाय, बोहोल, मिंदानाव अशा बेटांवर डोंगरात राहिलेल्या स्वतंत्र प्रशासनांनी आणि गनिमी दलांनी आपापल्या नोटा छापल्या. मिळेल त्या कागदावर, कधी खाकी पुड्याच्या कागदावर, छापलेल्या या नोटांवर मात्र क्रमांक असत, नोटा काढणाऱ्या मंडळातील अधिकाऱ्यांच्या सह्या असत आणि युद्धानंतर त्या वटवून देण्याचे वचन असे. अशी नोट जवळ सापडली तर जपानी लष्कर प्राण घेत असे, तरीही लोक त्या सांभाळून ठेवीत. माझ्या संग्रहात अशी एकच नोट आहे. तिची घडी इतक्या वेळा घातलेली आहे की ती चार तुकड्यांत सुटायला आली आहे. कोणी कुठे लपवली असेल, बुटात की झोपडीच्या बांबूत, हे कळायला मार्ग नाही. पण या दोन नोटा शेजारी ठेवल्या की कोणते सरकार लोकांना आपले वाटत होते हे मला दिसते.

एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून कोरेहिदोर बेटावर नेलेला सरकारी खजिना दोन वाटांनी गेला. सोने फेब्रुवारी १९४२ मध्ये 'ट्राउट' या पाणबुडीतून अमेरिकेला रवाना झाले आणि सुमारे दीड कोटी चांदीचे पेसो काबायो बेटाजवळच्या खाडीत बुडवण्यात आले. जपान्यांनी ते काढण्यासाठी अमेरिकन युद्धकैद्यांपैकी पाणबुडे कामाला लावले. त्यांनी मुद्दाम काम रेंगाळत केले आणि बरीच नाणी गुपचूप लपवली. चांदी मनिलाच्या बाजारात फिरू लागली आणि कागदी पैशाची उरलीसुरली पतही गेली.

युद्ध संपल्यावर या नोटा कवडीमोल झाल्या. ज्यांची आयुष्यभराची बचत त्यांत अडकली होती त्यांनी संघटना स्थापन केली, नोटांवर तिचे शिक्के मारून घेतले आणि अमेरिकन न्यायालयात दावा लावला. तो १९६७ मध्ये फेटाळला गेला. शिक्का मारलेल्या त्या नोटा संग्राहकांच्या बाजारात अजूनही सहज मिळतात. मला त्या विकत घेववत नाहीत.

मांडवी

मी गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त मनिलात राहते. टांकसाळ यांनी ज्या बायोंगचा उल्लेख केला तिच्याविषयी मला आणखी काही सांगायचे आहे, कारण येथे ती पिशवी वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवली गेली आहे.

जपानी लष्कर एखाद्या गावात गनिमी सैनिक असल्याच्या संशयावरून 'सोना' करीत असे. पहाटे गावाला वेढा पडे, सगळ्या पुरुषांना चर्चमध्ये किंवा चौकात आणून बसवत आणि मग एक माणूस आणला जाई, ज्याच्या डोक्यावर बायोंग उलटी घातलेली असे आणि तिला डोळ्यांपुरती दोन भोके पाडलेली असत. गावकरी एकेक करून त्याच्यासमोरून जात. त्याने मान हलवली की तो माणूस रांगेतून बाहेर काढला जाई आणि बहुधा परत येत नसे. पिशवीखालचा माणूस आपल्याच गावातला, कदाचित आपल्याच आळीतला आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. १९४४ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या बाजूने लढण्यासाठी 'माकापिली' नावाची संघटना उभी राहिली आणि पुढे अशा सर्वच खबऱ्यांना तेच नाव पडले. आजही येथे कोणाला माकापिली म्हणणे ही आपल्याकडच्या सूर्याजी पिसाळापेक्षा तिखट शिवी आहे.

माझ्या घरमालकीणबाईंच्या आई, ज्यांना आम्ही सगळे 'लोला' म्हणजे आजी म्हणतो, त्या काळात आठ वर्षांच्या होत्या. युद्धापूर्वीच्या दिवसांना त्या 'पीसटाइम' म्हणतात आणि त्यानंतरच्या तीन वर्षांना 'पानाहोन नांग हापोन', जपानी काळ. त्यांनी मला सांगितलेली पहिली आठवण उपासमारीची नव्हती. पहाऱ्यावरच्या शिपायासमोर कमरेत पुरेसे वाकले नाही म्हणून त्यांच्या वडिलांना भर रस्त्यात थोबाडीत मारले गेले, ही होती. वडील शाळामास्तर होते आणि रांगेत त्यांचे विद्यार्थी उभे होते. लोला सांगतात की त्या दिवसानंतर वडिलांनी घरात जपानी शब्द उच्चारू दिला नाही, जरी शाळेत त्यांना निहोंगो, म्हणजे जपानी भाषा, शिकवावी लागत होती. भुकेचे म्हणाल तर भाताऐवजी रताळी, कॉफीऐवजी भाजलेला मका आणि उसाच्या शेतांत लष्कराच्या हुकमाने लावलेला कापूस, जो नीट आलाच नाही. आजही लोलाच्या ताटात रताळे वाढलेले चालत नाही.

औदुंबर, आपण स्वागताविषयी विचारले आहे. जपानविषयी ज्यांच्या मनात थोडी सहानुभूती उरली असेल तीही फेब्रुवारी १९४५ मध्ये संपली. फिलिपिन्समधील जपानी सेनापती जनरल यामाशिता डोंगरात निघून गेले होते. मनिला लढवण्याचा त्यांचा विचार नव्हता. पण रिअर ॲडमिरल इवाबुची यांचे नाविक दल शहरात ठाण मांडून बसले. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च असा महिनाभर तो संहार चालला. एर्मिता आणि मालाते या वस्त्यांत घरे पेटवून बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या ला साल कॉलेजच्या प्रार्थनागृहात कुटुंबे आसऱ्याला गेली होती तेथे त्यांना संगिनींनी भोसकण्यात आले. स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते लिहायला माझा हात वळत नाही. दुसरीकडून अमेरिकन तोफखाना एकेक इमारत उडवत पुढे येत होता आणि त्यातही हजारो नागरिक मेले. एकूण मृतांचा आकडा सुमारे एक लाख सांगतात.

इंत्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या भागात एका लहानशा चौकात त्यांचे स्मारक आहे. चेहरा झाकलेली एक स्त्री मेलेले मूल कुशीत घेऊन बसली आहे आणि तिच्या भोवती माणसे पडलेली आहेत. ज्यांना स्वतःची थडगीदेखील मिळाली नाहीत त्यांच्यासाठी हे थडगे, अशा अर्थाचा मजकूर तेथे कोरलेला आहे. दरवर्षी फेब्रुवारीत वाचलेल्यांची कुटुंबे तेथे जमतात. लोला आता चालू शकत नाहीत, म्हणून गेल्या तीन वर्षांपासून त्यांची फुले मी नेते.

युद्धकाळात लष्कराने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांची गोष्ट तर आणखी उशिरा बाहेर आली. १९९२ मध्ये मारिया रोसा हेन्सन या पहिल्या फिलिपिनो स्त्रीने उघडपणे आपले नाव सांगून साक्ष दिली, तोवर जवळजवळ पन्नास वर्षे लोटली होती. डिसेंबर २०१७ मध्ये मनिलाच्या समुद्रकिनारी रस्त्यावर या स्त्रियांचा एक पुतळा उभारला गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये तो रातोरात काढून टाकला गेला. मी तो उभा असताना रोज कामावर जाताना पाहत असे.

सह्यवासी

लॉरेल यांच्याविषयी लिहितो. वकिलीचा व्यवसाय असल्यामुळे मला हा विषय दोन न्यायाधीशांचा वाटतो.

होसे लॉरेल आणि होसे आबाद सांतोस हे दोघेही फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती. केझोन देश सोडून जाताना आबाद सांतोस यांना बरोबर चलण्याविषयी विचारले गेले, परंतु त्यांनी मागे राहणे पसंत केले. एप्रिल १९४२ मध्ये ते मुलासह सेबू बेटावर पकडले गेले. जपान्यांना सहकार्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि मे महिन्यात मिंदानावमधील मालाबांग येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. रडू नकोस, तू धीट आहेस हे या लोकांना दाखव, देशासाठी मरण्याची संधी प्रत्येकाला मिळत नाही, असे ते मुलाला म्हणाले. मुलगा वाचला, म्हणून हे शब्द उरले.

लॉरेल यांना मात्र केझोन यांनी मागे राहून जपान्यांना तोंड देण्यास सांगितले होते. लोकांचे रक्षण करण्यासाठी जे करावे लागेल ते करा, फक्त जपानशी एकनिष्ठतेची शपथ घेऊ नका, अशी मर्यादा घालून दिली होती. त्यांनी पद स्वीकारले. जून १९४३ मध्ये गोल्फ खेळत असताना गनिमी सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातून ते बचावले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. जपानने दबाव आणूनही त्यांनी सप्टेंबर १९४४ पर्यंत अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले नाही, आणि पुकारल्यावरही एकाही फिलिपिनो तरुणाची सक्तीची लष्करभरती होऊ दिली नाही. मांडवीताईंनी ज्या माकापिलीचा उल्लेख केला ती संघटना याच नकारामुळे जपान्यांना उभी करावी लागली. माझ्या मते हा नकार फार मोठा आहे. त्यामुळे हजारो मुले वाचली असणार.

आपल्याकडील वाचकांसाठी आणखी एक धागा आहे. युद्धानंतर जपानी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते. सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे त्यांचे हजारांहून अधिक पानांचे भिन्नमतपत्र आपण अभिमानाने सांगतो. त्याच पीठावर फिलिपिन्सचे न्यायमूर्ती देल्फिन हारानिया बसले होते. ते स्वतः बातानच्या त्या मोर्चातून वाचलेले होते. म्हणूनच बचावपक्षाने त्यांच्या नियुक्तीला हरकत घेतली आणि ती नाकारली गेली. १९४८ च्या निकालात काही शिक्षा फारच सौम्य झाल्या असे मत त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवले. पाल यांचा भर विजेत्यांनी मागाहून केलेल्या कायद्याच्या वैधतेवर होता आणि जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे हे त्यांनीही मान्य केले होते, ही गोष्ट आपल्याकडे बहुधा सांगितली जात नाही. पाल यांच्याविषयी मला आदर आहे. पण हारानिया यांचे नावही आपल्याला ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

शुक्रतारा

सह्यवासी यांच्या लेखनाबद्दल आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. लॉरेल यांनी भरती होऊ दिली नाही हे खरे, परंतु माकापिलीच्या उद्घाटनाला ते उपस्थित होते. त्यांच्या सरकारमुळे जपानला जगासमोर 'स्वतंत्र फिलिपिन्स' दाखवता आला. गनिमी संघटनांत अडीच लाखांहून अधिक माणसे होती. मध्य लुझोनमधील हुकबालाहाप (थोडक्यात 'हुक') या शेतकऱ्यांच्या गनिमी दलासारख्या दलांत अनवाणी कुळे लढत होती. त्यांच्यापुढेही तीच परिस्थिती होती आणि त्यांनी दुसरा मार्ग निवडला. पदे स्वीकारणारे बहुतेक जण जमीनदार आणि सुशिक्षित वर्गातील होते. १९४५ नंतर तीच घराणी पुन्हा सत्तेवर आली आणि हुक सैनिकांच्या हातातील शस्त्रे मात्र काढून घेतली गेली, हे विसरून न्यायनिवाडा करता येणार नाही.

औदुंबर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टांकसाळ यांची पिशवी आणि मांडवीताईंची पिशवी एकच आहे, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. सह्यवासी, युद्धानंतर लॉरेल यांचे पुढे काय झाले हे कृपया सांगाल का? शिक्षा झाली का?

सह्यवासी

शुक्रतारा यांचा मुद्दा योग्य आहे आणि वर्गाविषयीचे त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही.

औदुंबर, लॉरेल यांना जपानमध्ये अटक झाली, सुगामो तुरुंगात ठेवले गेले आणि १९४६ मध्ये मनिलात त्यांच्यावर देशद्रोहाचे १३२ आरोप ठेवण्यात आले. खटला पूर्ण झालाच नाही. जानेवारी १९४८ मध्ये अध्यक्ष मानुएल रोहास यांनी राजकीय सहकार्याच्या आरोपींना सार्वत्रिक माफी दिली. रोहास स्वतःही जपानी काळातील सरकारी पदावर होते. १९४९ मध्ये लॉरेल अध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि एल्पिदिओ किरिनो यांच्याकडून हरले. १९५१ मध्ये ते सिनेटवर सर्वाधिक मतांनी निवडून आले. आपण विचारलेल्या 'देशभक्त की देशद्रोही' या प्रश्नावर मतदारांनी दोन वर्षांत दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

ज्यांनी त्यांना हरवले त्या किरिनो यांच्या पत्नी आणि तीन मुले फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलात जपानी सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडली होती. त्याच किरिनो यांनी १९५३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष म्हणून, फिलिपिन्सच्या तुरुंगात असलेल्या शंभरहून अधिक जपानी युद्धकैद्यांना माफी देऊन मायदेशी पाठवले. आपल्या मुलांना आणि लोकांना द्वेषाचा वारसा मिळू नये म्हणून आपण हे करत आहोत, असे त्यांनी निवेदनात सांगितले.  मांडवीताई, लोलांना त्या माफीच्या दिवसांविषयी काही आठवते का, हे आपण विचारू शकलात तर येथे अवश्य लिहावे.

मांडवी

आज संध्याकाळी विचारले. लोला म्हणाल्या की वडिलांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, पत्र घडी करून टेबलावर ठेवले आणि बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकत बसले. रात्री जेवताना ते एवढेच बोलले की त्याची चार माणसे गेली होती, त्याला तो अधिकार आहे, मला नाही.